राखेवर धरलेला हात

माय, आज तुला सांगण्यासारखं काही झालं आहे म्हणून लिहायला बसले. तू गेलीस त्याला किती वर्षं झाली ते मी मोजत नाही. तू गेलीस तेव्हा माझा मोठा पोरगा कडेवर होता आणि आता त्याचे केस पांढरे झालेत, त्यावरून तूच काय ते समज. मी जळगावला त्याच्याकडेच असते. तुझे जावईही मागेच तुझ्याकडे आले, तुला भेटले असतील, चहात साखर कमी दे त्यांना. माझं शिक्षण तिसरीपर्यंतचं, तुला माहीतच आहे, आणि अक्षर म्हणजे कोंबडी अंगणातून फिरून गेल्यासारखं. वही नातीची आहे. पुढच्या पानांवर तिची गणितं, मागची पानं कोरी होती, ती मी घेतली. तुला वाचता येत नव्हतं, त्यामुळे माझ्या चुका निघणार नाहीत ही एक सोय आहे.

ही नात तू पाहिली नाहीस. नाक तुझं आहे, आणि रागावली की तुझ्यासारखीच बोलायची थांबते. पुण्याला राहून आकाशाचा अभ्यास करते. ज्योतिष नाही बरं. आमच्या गल्लीतल्या बाया मला सांगतात, तुमची नात आकाशाचं शिकते ना, मग आमच्या पोरीचं कधी जमेल तेवढं विचारून सांगा. मी सांगून सांगून दमले की ती ग्रह बघत नाही, फार लांबचं बघते, आणि फार जुनं. जग तान्हं होतं ना, अगदी नाळ पडली नसेल इतकं तान्हं, तेव्हा ज्या आकाशगंगांमध्ये तारे जन्माला येत होते, त्यांच्यात वायू किती होता आणि धूळ किती होती, ती कशी होती, हे तिचं काम. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी तिला म्हटलं, बाई, एवढं शिकून धूळच मोजायची होती तर जळगावात काय कमी होती? सगळं घर हसलं. ती पण हसली, पण मग माझ्याजवळ बसून म्हणाली, "आजी, ती धूळ साधी नाही. ती राख आहे. आधीच्या ताऱ्यांची."

मागच्या हिवाळ्यात ती न सांगता घरी आली. दोन बॅगा घेऊन. चार दिवसांसाठी कोणी दोन बॅगा आणत नाही, एवढं मला कळतं. दिवसभर पांघरूण घेऊन पडायची. तिचा बाप म्हणाला, काही हरकत नाही, बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भर, जळगावातच राहा. तिनं हो म्हटलं, आणि मला त्या हो ची भीती वाटली. तू मला शाळेतून काढलंस तेव्हा मी असंच हो म्हटलं होतं. तुझ्यावर राग धरून सांगत नाही. धाकटी भावंडं होती, तुला शेतात जायचं होतं, घरी कोणीतरी लागत होतं. पण ते हो कसं ऐकू येतं ते मला माहीत आहे, म्हणून सांगितलं.

तिसऱ्या दिवशी भरिताची वांगी आली होती. एका ओळखीच्यानं बामणोदकडची आणून दिली, हिरवी, हातभर. गॅसवर भाजलेलं भरीत मला चालत नाही, तुझीच सवय. मागच्या अंगणात कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या काड्या रचल्या, वांगी मांडली, पेटवलं, आणि तिला हाक मारली की उलटीपालटी करायला ये, माझी कंबर दुखते. कंबर दुखत नव्हती. ती आली, शेजारी उकिडवी बसली आणि काठीनं जाळ नुसता टोचत राहिली.

"काय झालं ते सांगशील का?" मी विचारलं.

"तुला नाही समजणार, आजी."

"तुला तरी भरीत कुठे करता येतं? पण खातेस ना?"

तेव्हा जरा हसली, आणि हळूहळू सांगायला लागली. माय, मला जेवढं समजलं तेवढं तुला सांगते, चुकलं तर चुकलं. तारे वायूतून होतात. पण तापलेल्या वायूतून होत नाहीत, तो गार व्हावा लागतो, तूप थिजायला जसा गारवा लागतो तसा. तो गार वायू दिसत नाही. कसलाच उजेड देत नाही म्हणे. त्याच्यात धूळ मिसळलेली असते, आणि ती धूळ आतल्या ताऱ्यांना झाकून टाकते. साध्या दुर्बिणीनं पाहिलं तर काळं दिसतं, वाटतं तिथे काही नाही. पण आतल्या ताऱ्यांच्या उजेडानं धूळ तापते आणि तिची ऊब बाहेर येते. ती ऊब पकडायला दूर देशी, उंच कोरड्या डोंगरावर, मोठमोठ्या परातींसारख्या दुर्बिणी मांडल्या आहेत. उबेवरून धूळ किती ते काढायचं, धुळीवरून वायू किती ते काढायचं, आणि वायूवरून अजून किती तारे व्हायचे बाकी आहेत ते. मी म्हटलं, म्हणजे डब्यात उरलेल्या पिठावरून उद्याच्या भाकरी. ती म्हणाली, अगदी तसंच.

मग मी विचारलं, जग जर तान्हं होतं तर इतक्या लवकर राख आली कुठून? ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, आजी, हाच तर आमचा सगळ्यांचा प्रश्न आहे. काही तारे फार मोठे असतात, ते भडाभडा जळतात आणि लवकर मरतात, पहिली राख बहुतेक त्यांचीच. मी समोरची पऱ्हाटी दाखवली. ही पण तशीच, पेटली की अंगणभर उजेड, आणि वांगं भाजून होईपर्यंत राख. बाभळीचं लाकूड तसं नाही, ते धुमसत बसतं. मला तेव्हा तुझी आठवण आली माय. आम्ही उठायच्या आधी तू उठलेली असायचीस. आम्ही डोळे उघडायचो तेव्हा चुलीपुढे राख काढून ठेवलेली असायची. जग कितीही तान्हं असलं तरी त्याच्याआधी कोणीतरी उठलेलं असतं, मला त्यात नवल वाटलं नाही.

तिचं झालं होतं असं. एक आकाशगंगा तिनं निवडली, सगळ्यात लांबच्यांपैकी, आणि तिची ऊब मोजली. भरपूर आली. तिनं हिशेब करून मोठ्या लोकांच्या सभेत सांगितलं की इथे धूळ फार आहे, म्हणजे वायूही फार आहे, एवढ्या लवकर एवढं कोणाला वाटलं नव्हतं. तेव्हा एक म्हातारे सर उठले. त्यांनी विचारलं की ती धूळ किती तापलेली आहे हे तुला काय माहीत? धूळ थोडीच असेल आणि फार तापलेली असेल, तरी ऊब तेवढीच येईल. तू एकाच जातीच्या लहरीवर मोजलं आहेस, दुसऱ्या लहरीवर मोजल्याशिवाय बोलू नको. बरोबर म्हणाले होते ते, तिलाही ते ठाऊक होतं. घाई केली होती, एवढंच. आता दुर्बिणीचा वेळ पुन्हा मागायचा, अर्ज लिहायचा, आणि अर्जाची मुदत आठ दिवसांवर आली होती. आणि ही इथे काठीनं राख टोचत बसलेली.

"मग माग की," मी म्हटलं.

"आणि दुसऱ्यांदा मोजल्यावर धूळ कमी निघाली तर? सगळ्यांपुढे मीच खोटी पडेन. त्यापेक्षा बँक बरी."

तोंडानं बँक म्हणत होती आणि डोळे भरलेले. पोरीची पाच वर्षं त्यात गेली होती. तिनं काठी राखेत घातली आणि खालचा निखारा उकरून वर काढला, उगाच, हाताला चाळा म्हणून, आणि माझ्या तोंडून जोरात निघालं, "देखू नको! हात धर!"

ती दचकली. मी पण दचकले, कारण आवाज तुझा होता.

मग तिला ती गोष्ट सांगावी लागली. तुला आठवते का, मला माहीत नाही. आठ-नऊ वर्षांची असेन. तू संध्याकाळी भाकरी झाल्यावर बाभळीचा जाड निखारा मधे सरकवायचीस, वरून गोवरीची राख ओढायचीस, हातानं थापटायचीस, तान्ह्या पोराला थापटावं तसं. सकाळी त्याच निखाऱ्यावर चूल धरायची. काड्यापेटी फडताळात होती, पण घरातला इस्तो मरू देऊ नये, विस्तव काडी ओढून पेटवू नये, असं तुझं होतं. त्या दिवशी सकाळी तू विहिरीवर गेली होतीस आणि मला चुलीपाशी बसवलं होतंस, नुसतं लक्ष ठेव म्हणून. मला राहवलं नाही. खाली निखारा खरंच जिवंत आहे का ते बघायचं होतं. काडीनं राख बाजूला केली. होता, लाल, इवलासा. मग झाकायला गेले तर जमेना. पुन्हा उघडला, पुन्हा झाकला. तू आलीस तोवर काळा पडला होता. तू शेजारी विस्तव मागायला गेलीस, तर त्यांच्याकडेही नव्हता, पुढच्या आळीत जावं लागलं. तोवर बाबा चहा न घेता कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला निघून गेले. तू मला मारलं नाहीस. मारलं असतंस तर बरं झालं असतं. एवढंच म्हणालीस, "तुले सबुरी नही. डोयाघाई देखू नको, हात धर." डोळ्यांनी बघायचं नाही, राखेवर हात धरून ओळखायचं. आणि त्यानंतर माझं लग्न होऊन मी निघेपर्यंत तू मला चूल झाकायला कधी दिली नाहीस. भाकरी दिल्या, भांडी दिली, धाकटा भाऊ सांभाळायला दिला. चूल नाही.

मग मी नुसती बघत राहिले, तू हात कसा धरतेस ते. हे मी नातीला दाखवलं, तिथेच अंगणात. आमच्या चुलीला शेजारी वैल होता, म्हणजे मागच्या अंगाला छोटं तोंड, त्यावर डाळ शिजायची. तू एकदा चुलीच्या मधोमध उपडा हात धरायचीस आणि एकदा वैलावर. मी विचारलं नव्हतं आणि तूही सांगितलं नव्हतंस, पण मला बघून बघून कळलं. मधे चटका बसला आणि वैल गारच असला, तर समजायचं खाली एकच निखारा आहे, लहान पण कडक, लवकर फुंकणी घ्या. दोन्हीकडे सारखं कोमट लागलं तर राख जाड आहे आणि खाली विस्तव पसरून पडला आहे, घाई नाही. एका जागी हात धरून कळत नाही. हे सांगताना मी खाली बसून हात धरून दाखवत होते, आणि वांगी करपत होती, आणि ती पोरगी आ करून माझ्याकडे बघत होती.

"आजी, हेच. सरांनी हेच सांगितलं मला. हेच."

"मग त्यात रडायचं काय? दुसरा हात धर."

"आणि थोडीच निघाली तर?"

"तर थोडी. निखारा खोटा होतो का त्यानं?"

तिनं वांगी काढली, सोलली, तोवर गालाला काजळी फासून घेतली होती. भरिताबरोबर तिनं दोन भाकरी जास्त खाल्ल्या आणि जेवता जेवता म्हणाली, "पणजी भारीच होती गं." मी म्हटलं, भारी होती म्हणूनच तिच्यापुढे सगळे हळू बोलायचे. दोन दिवसांनी ती एक बॅग इथेच ठेवून पुण्याला गेली. ती बॅग अजून माझ्या खाटेखाली आहे. पुढच्या आठवड्यात तिच्या बापानं फॉर्मचं विचारलं तर मी सांगितलं, मुदत संपली. कोणत्या फॉर्मची ते सांगितलं नाही.

जायच्या आधी स्टॅंडवर तिनं मला अजून एक गोष्ट सांगितली, तीच माझ्या मनात वर्षभर राहिली. मी सहज विचारलं होतं, ती तुझी आकाशगंगा आता काय करते? ती म्हणाली, आता काय आहे ते कोणालाच माहीत नाही. ती ऊब तिथून निघाली तेव्हा पृथ्वीसुद्धा नव्हती. ज्या ताऱ्यांनी ती धूळ तापवली, त्यातले मोठे केव्हाच विझले असतील. ते विझले, पण त्यांची निघालेली ऊब वाटेत होती, ती आत्ता आपल्यापर्यंत आली. धुळ्याची, माझ्या माहेरची बस समोर उभी होती, कंडक्टर ओरडत होता, आणि मला एकदम त्या बसमध्ये चढावंसं वाटलं. आता तिकडे कोण आहे माझं? घर पडलं, जागा भाऊबंदांनी वाटून घेतली, तिथे आता ट्रॅक्टर उभा असतो. तरी वाटलं. पांझरेचा पूल ओलांडला की तू दिसशील, डोक्यावर पाटी घेऊन, आणि विचारशील की जेवलीस का. या वयात आईची आठवण येते म्हटलं तर लोक हसतील. त्या दिवशी एस.टी. स्टॅंडवर उभी राहून मी केळी विकत घेतली, जळगावात राहून, घरात घड लटकलेला असताना. काहीतरी करायचं म्हणून.

तर आज काय झालं ते. आज सकाळी मी दाण्याचं कूट करत होते तर तिचा फोन आला. तिला वेळ मिळाला होता, दुसऱ्या लहरीवर मोजून झालं होतं, आणि गणितं कालच संपली.

"आजी, राख कमी निघाली. मी म्हटलं होतं त्याच्या निम्मीही नाही. मी चुकले होते."

मी कुटाचं भांडं बाजूला सारलं. "मग?"

"मग काय! फार तापलेली आहे. आम्हाला वाटलं त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त. म्हणजे आत, एवढ्याशा जागेत, दाटीनं तारे पेटलेत. मधे चटका आणि वैल गार, आजी!"

असं म्हणाली, माय. वैल. पुण्यातल्या त्या मोठ्या इमारतीत बसून. तिनं वैल कधी पाहिलेला नाही. म्हणाली की ते म्हातारे सर स्वतः उठून तिच्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, आता बोल, आता तुझं ऐकतो. मी फोन ठेवला आणि कुटात मीठ दोनदा घातलं. मग शेजारच्या बाईला हाक मारून सांगितलं की माझी नात चुकली. तिला काही कळेना, चुकली तर एवढं हसायला काय झालं? मी तिला शेव-मुरमुरे दिले आणि बसवून सगळं समजावलं, तूप थिजतं तिथपासून. शेवटी तिनं विचारलं, मग आमच्या पोरीच्या लग्नाचं काय? जाऊ दे.

तुला सांगावंसं वाटलं ते एवढंच. तुझा हात कुठपर्यंत गेला ते बघ. आणि एक विचारायचंही होतं, की आता मला चूल झाकायला दिली असतीस का? सासरी मी तीस वर्षं चूल झाकली, एकदाही विझू दिली नाही, पण ते बघायला तू नव्हतीस. तुझ्या तोंडून, जमलं तुला, एवढं ऐकायचं राहिलं. आता घरात गॅस आहे. कान पिळला की पेटतो, पिळला की विझतो, त्यात कोणाला काय शाबासकी द्यायची?

हे पत्र कुठे टाकायचं नाही. वही पोरीला परत द्यायची आहे, तेव्हा ही पानं फाडून घेईन आणि चहाच्या डब्याखाली ठेवीन. चहाच्याच का, ते आता सांगून टाकते, म्हणजे सुटले. तू गेलीस त्या दिवशी मला निरोप उशिरा मिळाला. बस एरंडोलपाशी बंद पडली, आम्ही पोचलो तोवर दुपार कलली होती आणि तुला नेऊन झालं होतं. तुझं तोंड मला दिसलं नाही. पुढच्या खोलीत सगळ्या रडत होत्या. मी पोरगा काकूच्या मांडीवर दिला आणि मागे गेले. तू पहाटे, चूल धरायच्या आधीच गेली होतीस, म्हणजे आदल्या संध्याकाळी तू झाकलेली चूल तशीच होती, राखेवर तुझ्या बोटांचे ठसेसुद्धा. मी बघितलं नाही, हात धरला. मधे ऊब होती, वैलावरही होती. तू जाड झाकली होतीस. सुतकाच्या घरात चूल पेटवू नये, तूच शिकवलं होतंस. पण मला वाटलं, हा पेटवलेला नाही, हा तर तुझाच आहे. मी सावकाश राख सारली, दोन गोवरीचे तुकडे ठेवले, हळूच फुंकलं, आणि तो धरला माय, पहिल्या फुंकरीत. कपभर पाणी ठेवलं. बाहेरून काकूचा आवाज आला, "चहाना वास कथाईन ई राहिना व?" मी म्हटलं, शेजारून येत असेल. मग भिंतीकडे तोंड करून तुझ्या चुलीवरचा चहा मी एकटीनं प्यायले, आणि निखारा पुन्हा झाकून ठेवला, बरोबर झाकला. आजवर कोणाला बोलले नाही. आणि रोजच्या चहाचा गूळ सापडला नाही असं नव्हतं, समोरच होता. तरी तू पाहुण्यांसाठी वर ठेवलेल्या डब्यातली साखर मी घेतली. दोन चमचे.